दीड फुटी चिऱ्याच्या घरातलं वायफाय : एक प्रकरण

पार्श्वभूमी

घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. घरात अण्णा, वय अठ्ठ्याहत्तर. काकू, मुलगा सुहास, सून आणि दहावीतली नात. सुहास पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. सून कोकम-आगळाच्या ऑर्डरी मोबाइलवर घेते. काकूंची मुलगी मस्कतला असते आणि तिचा व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी येतो, तोही नेमका काकू भाकऱ्या थापत असताना. मी तालुक्याच्या गावी सीसीटीव्ही, केबलिंग आणि इंटरनेट जोडणीची कामं करतो.

आधी घराची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. समोर खळं, मग पडवी, ओटी, माजघर, माजघराच्या अंगाला देवघर आणि एक अंधारी खोली, पलीकडे स्वयंपाकघर, शेवटी मागील पडवी. हा सगळा भाग अण्णांच्या वडिलांनी बांधलेला. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, दीड फूट जाड, वर कौलं. मागच्या पडवीला लागून २०१४ साली सुहासने स्लॅबचं दुमजली बांधकाम केलं. खाली न्हाणीघर आणि एक खोली, वर त्याची कामाची खोली. खळ्याच्या पलीकडे, साधारण तीस मीटरवर, जुन्या गोठ्याच्या जागी दोन खोल्या आहेत. मुंबईहून येणारे पाहुणे तिथे उतरतात आणि पैसे देऊन राहतात.

फायबर खांबावरून ओटीपर्यंत आलेलं. जोडणाऱ्या पोराने फायबरचा डबा, म्हणजे वायफायवाला मोडेम, ओटीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला होता. कोनाडा आयता होता, वायर लपत होती आणि पुढे टीव्ही आला. दिसायला काम एकदम नेटकं.

तक्रार

सुहासचा फोन आला तो २०२३च्या मे महिन्यात. "नेट स्लो आहे" एवढंच तो म्हणाला. असं सांगणाऱ्या दहांपैकी आठ घरांत नेट स्लो नसतंच, पण ते जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

गेल्यावर कळलं ते असं. वरच्या खोलीत मीटिंग चालू असताना सुहासचा चेहरा गोठतो. मग तो लॅपटॉप उचलून ओटीवर येतो, तिथे अण्णांचा टीव्ही चालू असतो, आणि पुण्याच्या साहेबांना पार्श्वसंगीत म्हणून बातम्या ऐकू येतात. काकूंचा कॉल स्वयंपाकघरात तुटतो. पाहुण्यांच्या खोल्यांत वायफायचं नाव दिसतं, पण उघडत काही नाही, आणि एका पाहुण्याने जाताना तसं तोंडावर सांगितलं होतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर आलं, १०० मेगाबिटचा प्लॅन ३००चा करा.

सुहासने स्वतः एक उपाय करून पाहिला होता. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणारा डबा, आणून त्याने तो वरच्या खोलीतच लावला होता. मोबाइलवर पाचही काड्या भरलेल्या, पण पान उघडायला मिनिट. "सिग्नल फुल आहे, तरी चालत नाही, म्हणजे कंपनीचाच घोटाळा," असा त्याचा निष्कर्ष. त्या काड्या रिपीटर ते मोबाइल या तीन पावलांच्या होत्या. रिपीटर ते ओटी या अंतराचं काय, ते त्या काड्या सांगत नव्हत्या. रिपीटरलाच ओटीवरचं धड ऐकू येत नव्हतं, तर तो पुढे काय सांगणार?

मोजणी

पहिलं काम, मोडेमला वायरने लॅपटॉप जोडला. वेग आला ९६ मेगाबिट. म्हणजे १००च्या प्लॅनमध्ये दारापर्यंत माल पूर्ण येत होता. ३००चा प्लॅन घेतला असता तर ओटीवर ३०० आले असते आणि वरच्या खोलीत होतं तेच राहिलं असतं. ही दहा मिनिटांची तपासणी कोणीही घरी करू शकतो आणि ती आधी करावी.

मग मोबाइलवरच्या सिग्नल मोजणाऱ्या ॲपने घरभर फिरलो. आकडा उणे डीबीएममध्ये येतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉल सुरळीत चालायला उणे ६७च्या आसपास लागतो. उणे ८०ला नाव दिसतं, काम होत नाही. ही पट्टी आपल्या फूटपट्टीसारखी सरळ नाही. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी, वीसचा म्हणजे शंभरपट. त्यामुळे उणे ६५ आणि उणे ७५ हे कागदावर शेजारी दिसले तरी प्रत्यक्षात फार लांब असतात.

डब्याचं वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ओटीवर उणे ४१ आणि वेग ९३. माजघरात ५ गिगाहर्ट्झवर उणे ७१, वेग ३८. स्वयंपाकघरात मोबाइल आपोआप २.४वर उतरला, उणे ७६, वेग ९. वरच्या खोलीत रिपीटर काढून पाहिलं तर उणे ८७, वेग मोजताच आला नाही. पाहुण्यांकडे उणे ८२.

ओटी ते स्वयंपाकघर हे अंतर जेमतेम नऊ-दहा मीटर आहे. मोकळ्या खळ्यात एवढ्या अंतराने काहीच बिघडत नाही. बिघडवतात त्या मधल्या दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण जाड भिंतीपुढे ते २.४पेक्षा लवकर दमतं. पुढे स्वयंपाकघरात शिरलं की मांडणीवर काकूंची तांब्या-पितळेची भांडी, शेजारी फ्रिज. स्लॅबच्या भागात सळया. धातू लहरींना परतवतो, त्यामुळे अशा जागी दोन पावलं सरकलं तरी आकडा पाच-सहाने बदलतो. म्हणून मी प्रत्येक खोलीत एक नाही, तीन-तीन जागी मोजलं आणि माणसं जिथे खरोखर बसतात तिथला आकडा धरला. काकूंच्या बाबतीत ती जागा म्हणजे चुलीसमोरचा पाट.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये अडचण बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या वायफायची असते. २.४च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता बसतात आणि तिथे वीस-पंचवीस घरं गर्दी करतात. इथे शेजारचं घर पोफळीच्या बागेपलीकडे. हवा मोकळी होती. चॅनेल बदलण्याचे जे सल्ले सगळीकडे मिळतात, त्यांचा इथे शून्य उपयोग होता.

फुकटची सुधारणा

पर्यायांकडे वळण्याआधी डबा कोनाड्यातून काढला. कोनाड्यात तो तीन बाजूंनी चिऱ्याने वेढलेला होता आणि चौथ्या बाजूला टीव्हीचा पत्रा. ओटी आणि माजघराच्या मधल्या दाराच्या वर, साडेसहा फुटांवर फळी मारून त्यावर ठेवला. माजघर उणे ७१वरून उणे ६४वर आलं, वेग ६०. स्वयंपाकघर उणे ७१, वेग १७. वरची खोली उणे ८३, म्हणजे तिथे फरक पडूनही उपयोग नाही. खर्च दोन ब्रॅकेटचा. सुनेला तो डबा दारावर लोंबताना आवडला नाही. तिचं बरोबर होतं, दिसत वाईटच होता. पण राहिला.

पर्याय

सुहासबरोबर ओटीवर बसून एकेक पर्याय काढला.

जास्त अँटेनांचा मोठा राउटर हा त्याचा पहिला विचार. दुकानदार तोच सांगतात. इथे एक गोष्ट लोक विसरतात की हे बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी उत्तर देणारा मोबाइल आपल्या छोट्या अँटेनातून, बॅटरी वाचवत, हळूच बोलतो. ते उत्तर दीड फुटाच्या दोन भिंती ओलांडून परत पोचायला हवं. काड्या वाढतात, काम तेवढं वाढत नाही.

रिपीटर वरच्या खोलीतून काढून मधे, मागील पडवीत लावून पाहिला. वरच्या खोलीत १४ मिळाले. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. नातीच्या व्हिडिओला पुरेल, सुहासच्या कामाला नाही.

विजेच्या वायरिंगमधूनच नेट नेणारे अडॅप्टर माझ्याकडे होते, लावून पाहिले. घराचं वायरिंग तीन वेगवेगळ्या काळातलं, काही इन्व्हर्टरवर, काही थेट. मागे ८-९ मिळाले आणि विहिरीचा पंप सुरू झाल्यावर तेही गेले. तो विषय तिथेच संपला.

मागच्या भागासाठी दुसरी फायबर जोडणी घ्यायची, हाही पर्याय होता. काम झालं असतं, पण दर महिन्याला दुसरं बिल, आणि तेही भिंतीसाठी.

उरले दोन. एक, मेश संच, म्हणजे एकाच नावाने चालणारे तीन डबे, आपसात बिनतारी बोलणारे. दोन, तेच किंवा तसेच डबे, पण मधे केबल ओढून.

माझा कल पहिल्या दिवसापासून केबलकडे होता. सुहासचा मेशकडे, कारण ठाण्यातल्या मित्राच्या घरी त्याने ते छान चालताना पाहिलं होतं. त्या मित्राच्या फ्लॅटच्या आतल्या भिंती चार इंची विटेच्या, हे मी त्याला सांगितलं. तेवढ्यात झोपाळ्यावरून अण्णा म्हणाले, "केबल म्हणजे भिंतीला भोक पाडणार ना? ते जमायचं नाही. माझ्या वडिलांनी चिरा निवडून बांधलेली भिंत आहे."

तिथे विषय थांबला.

पहिला निर्णय, आणि माझी चूक

तोडगा असा निघाला की मेशचा असा संच घ्यायचा, ज्याच्या प्रत्येक डब्याला केबलची दोन पोर्ट आहेत. आधी बिनतारी लावायचा, जमलं तर ठीक, नाहीतर केबल नंतर जोडता येईल. वायफाय ६चा, तीन डब्यांचा संच साधारण अकरा हजारांत आला. एक डबा ओटीवर, दुसरा मागील पडवीत स्वयंपाकघराच्या दाराशी, तिसरा वरच्या खोलीत.

लावताना दोन गोष्टी काळजीने केल्या. कंपनीच्या मोडेमचं स्वतःचं वायफाय बंद केलं, नाहीतर मोबाइल जुन्याच सिग्नलला चिकटून बसतात. आणि मेश संच ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम एकट्या मोडेमकडेच राहिलं. दोघे पत्ते वाटायला लागले की घराचे दोन तुकडे होतात, ओटीवरचा टीव्ही आतल्या मोबाइलला सापडत नाही आणि कारण शोधण्यात दिवस जातो. नाव आणि पासवर्ड मुद्दाम जुनेच ठेवले. घरात चौदा उपकरणं होती, त्यांतल्या एकालाही हात लावावा लागला नाही. अपवाद खळ्यातल्या कॅमेऱ्याचा. त्याला फक्त २.४ कळतं आणि नव्या पद्धतीची सुरक्षा झेपत नाही. संचाची सुरक्षा डब्ल्यूपीए२ या जुन्या पद्धतीवर आणली तेव्हा तो जोडला गेला.

मे महिन्याच्या त्या दुपारी वरच्या खोलीत २४ मिळाले, स्वयंपाकघरात ३१. दोन डब्यांमधला सिग्नल उणे ६९. सुहास म्हणाला, "बास झालं की. मीटिंगला पाच-सहा पुरतात."

मी मान डोलावली. उणे ६९ म्हणजे काठावर उभं राहणं, हे मला माहीत होतं. पण अण्णांशी वाद नको होता, हंगामाची कामं तुंबली होती आणि गिऱ्हाईक खूश होतं. पैसे घेतले आणि निघालो.

जुलै

जूनच्या शेवटी फोन आला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाता आलं. वरच्या खोलीत वेग ६, मधेच २. ओटी आणि मागील पडवीतल्या डब्यांमधला सिग्नल उणे ७७.

मेमध्ये मोजलं तेव्हा घर कोरडं होतं आणि सगळी दारं सताड उघडी. आता मागील पडवीला पावसाची झड आत येऊ नये म्हणून प्लास्टिक बांधलेलं, आतून सरपणाची उतरंड जवळजवळ डब्याच्या उंचीला आलेली, दोरीवर ओले कपडे, दारं बंद, आणि भिंतींना ओल. चिरा पाणी पितो. पाणी या लहरी शोषतं. उणे ६९ ते उणे ७७ या आठ डीबीच्या घसरणीत किती वाटा भिंतीचा, किती सरपणाचा आणि किती कपड्यांचा, ते वेगळं काढता येत नाही. डबा सरपणाच्या वर सरकवून दोन-तीन डीबी परत मिळाले. बाकीचे गेलेलेच.

कोकणात वर्षातले चार महिने घर असंच असतं. मी इथलाच. मला मे महिन्यात हे सुचायला हवं होतं.

दुसरा निर्णय : केबल कुठून न्यायची

अण्णांना मी पहिल्यांदाच नीट विचारलं. मेमध्ये मी सुहासशी बोलत होतो आणि अण्णा नाही म्हणतात एवढंच ऐकलं होतं. या वेळी त्यांच्याच शेजारी झोपाळ्यावर बसलो, वहीत घराचा आडवा छेद काढला आणि म्हटलं, "अण्णा, मला ओटीवरून मागे वायर न्यायचीय. भिंत फोडायची नाही. तुम्ही सांगा कुठून नेऊ."

त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला. "ही भिंत तू आढ्यापर्यंत काढलीस. ती आढ्यापर्यंत नाहीच आहे. माजघराची भिंत माळ्याला संपते. वर सगळं सलग. लाइट पहिल्यांदा आली तेव्हा वायरमनने माळ्यावरूनच मागे नेली होती."

शिडी लावून वर गेलो. खरंच होतं. वाशांखाली ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत माळा सलग, मधे तुळया. एका तुळईला जुन्या लाकडी पट्टीवरची कापडी आवरणाची मेलेली वायर अजून खिळलेली होती. दीड महिना ज्या भोकावरून अडलं होतं, त्याची गरजच नव्हती.

माळ्यावर उंदीर असणार हे लेंड्या सांगतच होत्या. म्हणून केबल उघडी न टाकता २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून नेली. केबल कॅट ६, म्हणजे आठ तारांची नेटची केबल, पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल जवळजवळ निम्म्या भावात मिळते. ती हाताला हलकी लागते आणि सुरीने खरवडलं की आत पांढरी दिसते. पुढे ती तुटते, आणि नेमकी पाइपाच्या मधोमध. ओटी ते मागील पडवी बावीस मीटर लागली, तिथून वरच्या खोलीत आणखी चौदा. नव्या स्लॅबच्या नऊ इंची भिंतीला भोक पाडायला अण्णांची हरकत नव्हती. "ती तुमची भिंत," म्हणाले. भोक आतून बाहेर उतरतं पाडलं आणि केबलला बाहेर झोळ दिला, म्हणजे पागोळ्यांचं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून पडतं, वायरीवरून आत शिरत नाही.

एक तपकिरी तार

सगळं जोडल्यावर मागील पडवीतल्या डब्याचा वेग पाहिला. ९४. वरच्या खोलीत ९२. सुहासने टाळी दिली.

मला ९४ खटकलं. मेमध्ये मोडेमवर ९६ आले होते. दोनचा फरक कोणी धरत नाही, पण ९४ हा आकडा मी इतक्या वेळा पाहिलाय की तो दिसला की संशय येतो. १०० मेगाबिटची जोडणी असली की प्रत्यक्षात साधारण तेवढेच हाती लागतात. ॲपमध्ये जोडणीचा वेग पाहिला तर ओटी ते पडवी १०० दाखवत होती, १००० नाही.

टेस्टर लावला. दिवे एकापाठोपाठ लागत गेले, एक ते सहा, सातवा लागलाच नाही, मग आठवा. कनेक्टरमध्ये तारांचा क्रम ठरलेला असतो. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. सातवी म्हणजे तपकिरी-पांढरी. १०० मेगाबिटला आठातल्या चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. १०००ला आठही लागतात. सातवी तुटली तर जोडणी तक्रार न करता खालच्या वेगावर उतरते, दिवा लागतो, सगळं चालतं.

टोक मी माळ्यावर वाकून, बॅटरी दातांत धरून क्रिम्प केलं होतं, म्हणजे तारांवर कनेक्टर दाबून बसवला होता. कनेक्टर कापून उजेडात धरला तर तपकिरी-पांढरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती, दोन मिलिमीटर अलीकडे थांबलेली. नवं टोक खाली, ओटीच्या उजेडात केलं. जोडणी १०००वर गेली. १००च्या प्लॅनवर त्या दिवशी कुणाला काही फरक दिसला नाही. सुहासने पुढे कधी प्लॅन वाढवला असता आणि मागे ९४च्या वर काही गेलं नसतं, तेव्हा पुन्हा कंपनीच्या नावाने खडे फुटले असते.

पाहुण्यांच्या खोल्या

इथला निर्णय सगळ्यात सोपा वाटत होता. तीस मीटर, कॅट ६ची मर्यादा शंभर मीटर, मग ओढा केबल. सुहासने तशी एकदा ओढलीही होती. २०२२च्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात जवळच वीज पडली तेव्हा पलीकडचा राउटर, मोडेमचं एक पोर्ट आणि ओटीवरचा टीव्ही एका झटक्यात गेले होते. थेट घरावर पडायची गरज नसते. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, मधे तांब्याची तार, आणि जमिनीतला विजेचा दाब तिच्यातून वाट काढतो.

म्हणून मधे फायबर टाकलं आणि दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारे कन्व्हर्टर लावले. काचेतून वीज जात नाही. यातही एक खोच आहे. खांबावरून घरात येणाऱ्या नेहमीच्या फायबरला, म्हणजे ड्रॉप केबलला, ताण सोसायला बाजूने पोलादी तार असते, आणि ती तशीच दोन्ही घरांत आणली तर केलेलं सगळं पाण्यात. मी आत प्लास्टिकच्या सळ्या असलेली केबल घेतली आणि पोलादी आधारतार दोन्हीकडे बाहेरच हुकाला बांधून तोडली. स्प्लाइस, म्हणजे फायबरचा सांधा, गावातल्या केबलवाल्याकडून करून घेतलं. साहित्य तीन हजारांच्या आत. विजेच्या लाइनवरून येणारा झटका याने थांबत नाही, तो वेगळा विषय. एक वाट बंद झाली, एवढंच.

पलीकडे नवा डबा घेतलाच नाही. सुहासच्या त्या बदनाम रिपीटरला केबलचं पोर्ट होतं. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकून तिथे लावला. आता त्याला भिंतीपलीकडचं ऐकायचं नव्हतं, केबलने मिळालेलं फक्त बोलायचं होतं. ४५च्या आसपास वेग देतो.

निकाल

जुलैच्या मध्यावर, भर पावसात मोजलं. वरची खोली ९३, स्वयंपाकघर ७८, माजघर ७०, पाहुण्यांकडे ४५. काकूंच्या पाटाजवळ उणे ५८. देवघरात अण्णा टॅबलेटवर संध्याकाळी कीर्तन लावतात, तिथे कधीच अडचण नव्हती. तिथेही मोजून घ्या, असा त्यांचा आग्रह होता, म्हणून मोजलं.

दोन गोष्टी राहिल्या. नात ओटीवरून बोलत बोलत मागे गेली की तिचा मोबाइल ओटीवरच्या डब्याला उणे ७५पर्यंत सोडत नाही. डबा कधी बदलायचा हे शेवटी मोबाइल ठरवतो, आणि तिचा जुना मोबाइल हट्टी आहे. दुसरी गोष्ट विजेची. ओटीवरचं सॉकेट इन्व्हर्टरवर आहे, मागचं नाही. लाइट गेली की मोडेम चालू, सुहासचा लॅपटॉप चालू, आणि मधला डबा बंद. वरच्या आणि मधल्या डब्याला १२ व्होल्टचे छोटे यूपीएस लावले, ते तीनेक तास काढतात. पावसाळ्यात तालुक्यात लाइट तीन तासांत येईलच असं कोणी लिहून देणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मेश संच घेतला नसता. केबल ओढायचीच होती तर त्या केबलमधूनच वीज घेणारे, छताला लागणारे साधे ॲक्सेस पॉइंट घेतले असते. एका केबलमध्ये नेट आणि वीज दोन्ही, वीजपुरवठा ओटीवरच्या इन्व्हर्टरवरून. मागच्या यूपीएसचा प्रश्नच आला नसता. संच आधी घेतला तो केबल टळेल या आशेने, आणि सुहासची ती आशा मी वेळीच मोडली नाही.

मे महिन्यातल्या आकड्यातून दहा डीबी वजा करूनच आता मी हो किंवा नाही म्हणतो. चिऱ्याचं, मातीचं, जुनं घर असेल तर हमखास. उणे ६९चं उणे ७९ झालं तर काय, हा प्रश्न त्या दुपारी विचारला असता तर जुलैची फेरी वाचली असती.

२०१४ साली स्लॅबचं काम चालू असताना गवंड्याला दोन रिकामे पाइप भिंतीत ठेवायला सांगितले असते तर खर्च काही शेकड्यांत होता. तेव्हा मी तिथे नव्हतो आणि तेव्हा घरात नेटही नव्हतं, त्यामुळे कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. सध्या बांधकाम चालू असलेल्या घरी गेलो की मात्र मी न विचारता हे सांगतो. बहुतेक जण हसून सोडून देतात.

आणि फायबर पहिल्यांदा आलं तेव्हाच ते थोडं पुढे, माजघरात आणायला सांगता आलं असतं. जोडणारा मुलगा दार दिसतं तिथे डबा ठेवून जातो, त्याला दिवसभरात आणखी चार घरं करायची असतात. त्याला थांबवणारं माणूस घरात हवं. त्या दिवशी घरी फक्त काकू होत्या आणि त्यांनी त्याला चहा दिला.

मागच्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाइन देण्याचं काम अजून बाकी आहे. त्यासाठी माजघराच्या पुढच्या बोर्डापासून वायर न्यायला हवी. गेल्या वेळी विषय काढला तेव्हा अण्णा म्हणाले, "माळ्यावर तो तुझा पाइप आहे ना, त्यातूनच घाल की." नेटच्या केबलीबरोबर लाइटची वायर एका पाइपात घालत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. मग दुसरा पाइप आण म्हणाले, दिवाळीनंतर, माळा झाडून झाल्यावर.